सातबारा भावाचा, ओवाळणी बहिणीची

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं दोन निर्णय घेतले. ते एकाशेजारी एक ठेवून वाचावेत असं फारसं कोणाला वाटलं नाही. जूनच्या अखेरीस अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. बाईच्या खात्यावर महिन्याला दीड हजार रुपये. पुढे विधानसभेची निवडणूक तोंडावर आली आणि ३० सप्टेंबरला मंत्रिमंडळानं देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. गोशाळांना दर देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान द्यायचंही तेव्हाच ठरलं. पन्नास गुणिले तीस, दीड हजार. सरकारी तिजोरीत मातेचा आणि बहिणीचा भाव एकच निघाला.

गायीला चारा मिळतो म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. पण हे ५० रुपये जातात गोशाळेला, म्हणजे नोंदणी झालेल्या संस्थेला. आमच्या जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत जी बाई अंधारात उठून शेण काढते, गोठा झाडते, धार काढते, तिच्या दावणीच्या गायीला त्यातला पैसा नाही. मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. तो दावणीला बसून खातो आणि त्याच्यासाठी बांधावरचा गवताचा भारा डोक्यावरून आणते ती घरातली बाईच. म्हणजे कायद्यानं तिला बिनपगारी गोशाळा चालवायला लावली, फक्त तिच्या गोशाळेची नोंदणी कुठे नाही. तिला जे मिळतं ते बहीण म्हणून.

इथेच माझं भांडण आहे. सरकार पुरुषाला पैसे देतं ते शेतकरी म्हणून, आणि बाईला देतं ते नात्यापोटी. शेतकऱ्याचा हक्क असतो. बहिणीला ओवाळणी असते, आणि ती भावाच्या मर्जीवर असते.

सरकारच्या लेखी शेतकरी कोण? ज्याचं नाव सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून आहे तो. वावरात कोण राबतं याचा त्याच्याशी संबंध नाही. खान्देशातली कपाशी घ्या. लावणी बायकांची, निंदणी बायकांची, वेचणी तर पूर्णच बायकांची. दिवाळीच्या आगेमागे गावात पाहा, कापडी झोळी कमरेला बांधलेल्या बायकांच्या रांगा दिसतील. गुरांचं तर विचारूच नका. नांगर-वखराला बैल जुंपायचे तेव्हा पुरुष पुढे, बाकी तीनशे दिवस त्या बैलाचं चारापाणी बाईकडे. आणि तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावर निघाली सुमारे १४ टक्के. त्याच सरकारनं २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या केली होती. तिच्यात शेतमजूर, बटाईदार, गुरं पाळणारे, जंगलातली उपज गोळा करणारे, सगळे आले होते. धोरणातली व्याख्या धोरणातच राहिली. डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचं २०११ चं खाजगी विधेयक आणलं. त्यात जमीन नावावर असो-नसो, शेती करणाऱ्या बाईला शेतकरी असल्याचा दाखला द्यावा असं होतं. चर्चेला न येताच ते बाद झालं.

व्याख्या अडली की पुढचं सगळं अडतं. जळगाव म्हणजे ठिबकचं माहेर. ठिबक संचाला केंद्राच्या योजनेतून छोट्या शेतकऱ्याला ५५ टक्के अनुदान, राज्य त्यावर भर घालून ते ८० टक्क्यांपर्यंत नेतं. अर्जाला काय लागतं? सातबारा आणि आठ-अ. गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी २०२१ पासून शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आहे, दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये. गोठा झाडणारी कोणीही असो, गोठ्याखालची जागा ज्याची त्याच्या नावानं अर्ज. एप्रिल २०२५ पासून तर राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला. पूर्वी एखादा समजूतदार ग्रामसेवक, एखादा भला कृषी सहायक ‘ही बाईच शेती करते’ असं लिहून देऊन वाट काढायचा. संगणकाला अशी भलाई सुचत नाही. गंमत पाहा, गायी-म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला मारलेला आहे, सरकारच्या नोंदवहीत ती आहे. तिची धार काढणारी शेतकरी म्हणून कुठल्याच वहीत नाही.

दुधाचीही तीच तऱ्हा. २०२४ च्या जानेवारीत दुधाचे भाव कोसळले म्हणून सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, जुलैत पुन्हा दिलं, ऑक्टोबरात ते ७ रुपये केलं. म्हशीच्या दुधाला काही नाही. पैसे जाणार दूध घालणाऱ्याच्या, आधार जोडलेल्या खात्यावर. आता दूध ‘घालणारा’ म्हणजे कोण ते आपल्याला माहीत आहे. धार बाई काढते, किटली धुते, आणि मोटरसायकलच्या हँडलला किटली अडकवून डेअरीवर जातो तो पोरगा किंवा त्याचा बाप. डेअरीच्या रजिस्टरात नाव त्याचं, सभासद तो, खातं त्याचं. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण सभासदच नसलेल्या बाया त्या जागांवर येणार कुठून? मग संचालकांच्या बायका, सुना येतात. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पशुपालनाला शेतीसारखा दर्जा दिला, त्याचं स्वागत झालं, मीही करते. त्यात १०० दुभत्या जनावरांपर्यंतच्या गोठ्याला शेतीच्या दरानं वीज वगैरे सवलती आहेत. दोन म्हशींच्या गोठ्यात विजेचा एक दिवा असतो, तोही घरातून वायर ओढून. त्या बाईला या दर्जाचं काय करायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता मुख्य हिशोबाकडे येते. मैत्रिणींनो, हा कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा, कारण मी जेव्हा पहिल्यांदा केला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

केंद्राची पीएम-किसान योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, आणि एका कुटुंबात हप्ता एकालाच. २०२३ मध्ये राज्यानं ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ आणून आणखी तेवढेच घातले. मिळून वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला हजार. लाडक्या बहिणीचे दीड हजार, वर्षाला १८,०००. पण त्या योजनेत एक अट आहे. बाईला सरकारच्या दुसऱ्या योजनेतून काही मिळत असेल तर ते दीड हजारातून वजा करून फक्त फरक द्यायचा. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी एप्रिल २०२५ मध्ये स्वतः खुलासा केला की ७ लाख ७४ हजार १४८ बायकांना शेतकरी सन्मानाचे हजार मिळतात म्हणून लाडक्या बहिणीचे पाचशेच दिले जातात.

समजा दोन एकर जमीन आहे. ती नवऱ्याच्या नावावर असली तर त्याला शेतकरी म्हणून १२,००० आणि बायकोला बहीण म्हणून १८,०००. घरात आले ३०,०००. तीच दोन एकर, तेच घर, पण जमीन बायकोच्या नावावर. तिला शेतकरी म्हणून १२,००० आणि बहीण म्हणून उरलेले ६,०००. नवऱ्याला काही नाही. घरात आले १८,०००. म्हणजे बाईचं नाव सातबाऱ्यावर लावलं तर घराला वर्षाला बारा हजारांचा दंड! नवऱ्याला शेतकऱ्याचा सन्मान मिळतो म्हणून बायकोची ओवाळणी कापत नाहीत. बायकोला मिळाला तर मात्र कापतात. संयुक्त नाव असेल तर हप्ता एकाच्याच खात्यावर घ्यायचा असतो, आणि चार पैशांचा हिशोब करणारं घर तो कोणाच्या खात्यावर घेईल हे सांगायला ज्योतिषी नको. नवरा वाईट असायचीही गरज नाही. चांगला, समजूतदार नवराही हाच हिशोब करील.

‘दोन्हीकडून कशाला द्यायचं, दुबार लाभ होतो’ असं यावर म्हणतात. दुबार कसा? शेतीचे पैसे पेरणीला, खताला, चाऱ्याला दिलेले असतात; ते शेती करण्याचे आहेत. बहिणीचे पैसे तिच्या आरोग्यासाठी, स्वावलंबनासाठी म्हणून दिले. सरकारचेच शब्द आहेत हे. बी-बियाण्याला दिलेले पैसे बाईच्या औषधपाण्यातून वजा करायचे, हा हिशोब पुरुषाच्या बाबतीत कोणाच्या डोक्यात तरी आला असता का?

दीड हजारांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. ‘बायकांना फुकटची सवय लावली’ म्हणून चौकात बोलणारे स्वतः ठिबकचं अनुदान, विजेची माफी आणि कर्जमाफी घेऊन बसलेले असतात. ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक पाहिलं तिला ते पैसे काय आहेत हे मला माहीत आहे. पण त्या पैशांची दोरी कोणाच्या हातात आहे तेही पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागितला. परित्यक्तांनी तो आणायचा कुठून? ज्यानं घराबाहेर काढलं त्याच्या मोबाइलवर आलेला आकडा त्यालाच विचारायचा! आरडाओरड झाल्यावर पुढे सवलत दिली. पण मुळात अशी अट ज्यांना सुचली, त्यांच्या डोळ्यांसमोरची बाई कोणाची तरी बायको किंवा लेक अशीच होती. शेतकरी सन्मानाचा अर्ज भरताना कुठल्या शेतकऱ्याकडे बायकोची परवानगी मागितली नाही.

आणि ‘बहीण’ हाच शब्द का निवडला असेल? निवडणुकीच्या हिशोबानं निवडला असेल, मान्य. पण आमच्या भागात जमिनीच्या बाबतीत बहीण म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला हा शब्द टोचतो. बहीण म्हणजे हक्कसोड करणारी. बाप वारला की दहाव्या-तेराव्याच्या बोलण्यातच विषय निघतो. कागद तयार असतो, मुद्रांक नाममात्र, भाऊ स्वतः गाडी करून तिला कचेरीत घेऊन जातो. एक साडी, वाटेत जेवण. सही केली नाही तर माहेर तुटतं, आखाजीला कोणाच्या दारात जायचं? झोका बांधायला निंबाचं झाड कोणतं? हा धाक इतका खोल आहे की सही करणारी बाई आपणहून म्हणते, मला काही नको, भाऊ सुखी राहो. महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, देशभर २००५ मध्ये केलं, आणि बाप कधी वारला हे न पाहता तो हक्क जन्मानं आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. दरवेळी कायद्यानं दिलं आणि दरवेळी हक्कसोडीनं काढून घेतलं. जिनं सही केली नाही तिचं नाव लागतं ते बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात, किंवा थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लावून, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, सगळं त्याच्याच खाती. आता सरकारही भाऊ झालं आहे. आधीच्या भावाकडे जमीन, नव्या भावाकडून दीड हजार.

असं होणं अटळ होतं का? मुळीच नाही. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेनं महिलांचं अधिवेशन भरवलं, खान्देशातूनही बाया तिथे गेल्या होत्या. त्यातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावे जमीन करायची. शरद जोशींच्या खुल्या बाजाराशी माझं कधी जमलं नाही, पण हा कार्यक्रम त्यांनी दिला आणि आम्ही स्त्रीमुक्तीवाल्यांनी तो द्यायला हवा होता असं मला आजही वाटतं. सरकारनं १९९२ मध्ये परिपत्रक काढून त्याला वाट करून दिली. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. गोम त्या ‘नवऱ्यानं अर्ज केला तर’ मध्ये आहे. तीस वर्षांवर झाली, परिपत्रक अजूनही दाखवलं जातं, आणि शेजारच्याच खिडकीत आता बारा हजारांचा दंड बसतो. एका हातानं लक्ष्मीमुक्ती, दुसऱ्या हातानं लक्ष्मीची कपात.

याउलट साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर जा. तिथे वनहक्क कायद्याचे पट्टे मिळाले आहेत. २००६ च्या त्या कायद्याच्या चौथ्या कलमात साफ लिहिलं आहे की लग्न झालेल्यांच्या बाबतीत पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्त. नवऱ्याच्या खुशीवर सोडलेलं नाही, अर्ज नको, विनवणी नको. हा कायदा कोणी ओवाळणीत घातलेला नाही, आदिवासी स्त्री-पुरुषांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, पोलिसांचा आणि वनखात्याचा मार खाऊन मिळवला आहे. मुद्दा असा की सरकारच्या मनात आलं तर बाईचं नाव कागदावर पहिल्याच दिवशी लागतं. जंगलाच्या पाच एकर पट्ट्याला जो नियम चालतो तो तापीकाठच्या केळीच्या बागेला का चालू नये? तापीकाठच्या बागवाल्यांच्या घरात बायका कमी राबतात म्हणून?

‘पैसे कोणाच्याही खात्यावर आले तरी शेवटी घरातच येतात ना’, हा सभेत हमखास येणारा प्रश्न. बहुतेक वेळा विचारणारा माणूस ज्याच्या खात्यावर येतात तोच असतो. घर शाबूत असेल तोवर येत असतील. पण आमच्याकडे सल्ल्याला येतात त्या घर मोडलेल्या बाया. परत आलेली लेक बापाच्या दीड एकरात राबते, म्हशी पाळते, आणि हप्ता येतो भावाच्या खात्यावर. तिनं पीककर्ज मागितलं तर बँक सातबारा मागते. गारपीट झाली, पंचनामा झाला, भरपाई भावाला. उद्या भावानं जमीन विकली तर तिला विचारायचंही कारण नाही, कारण कागदावर ती तिथे कधी नव्हतीच. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांची गत याहून वेगळी नाही. सरकारच्या एक लाखापैकी तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत पडतात, पण जमिनीवर नाव लागायला दीर, सासरा आडवे येतात. महिला किसान अधिकार मंचानं पाठपुरावा केला तेव्हा कुठे जून २०१९ मध्ये सरकारनं या बायकांच्या वारसनोंदी प्राधान्यानं कराव्यात असा आदेश काढला. तोवर त्या ना शेतकरी, ना शेतकऱ्याच्या वारस.

आणखी एक ऐकायला मिळतं. बाईच्या नावावर जमीन केली तर पासबुक नवऱ्याच्याच खिशात राहणार, मग उपयोग काय? बरोबर आहे, काही घरांत राहील. सरपंचपद राखीव झालं तेव्हाही हेच म्हणत होते, सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. काही गावांत अजूनही तसंच आहे. पण त्यातल्याच कितीतरी बाया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतः ग्रामसभेत बोलायला लागल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जिचं नावच नाही तिला निदान भांडायला तरी जागा कुठे आहे?

मागायचं काय, तेही सांगते. शेतकरी सन्मानाचे हजार आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार यांची वजाबाकी ताबडतोब बंद करा. ७ लाख ७४ हजार बायकांनी काही चोरी केलेली नाही. सन्मान निधीचा हप्ता कुटुंबाला आहे असं नियमच म्हणतो, तर तो नवरा-बायको दोघांच्या खात्यांवर निम्मा-निम्मा टाका, त्याला जमिनीची नोंद बदलावी लागत नाही. लक्ष्मीमुक्तीतला नवऱ्याचा अर्ज काढा. ज्याला बायकोचं नाव नको असेल त्यानं अर्ज करावा आणि कारण लिहून द्यावं. दूध अनुदान, गोठा, चारा, यांचा लाभ धार काढणारीच्या नावानं द्या आणि तिला दूध संस्थेची सभासद करा. ज्यांच्याकडे जमीनच नाही, ठोक्यानं वावर करतात, शेळ्या-म्हशींवर जगतात, त्यांना ग्रामसभेच्या दाखल्यावर शेतकरी क्रमांक द्या. होत नाही म्हणणाऱ्यांनी ओडिशाकडे पाहावं. तिथे २०१८-१९ मध्ये कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांनाही शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा धंद्यांसाठी १२,५०० रुपये ठरवले होते. सातबाऱ्यावाचून अनुदान देता येतं, द्यायचं असेल तर.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. अशी वर्षं आली की सत्कार होतात, फेटे बांधतात, आणि जळगावचा कार्यक्रम असेल तर बहिणाबाईंचं नाव भाषणात येणारच. आसोद्याच्या त्या शेतकरी बाईचं नाव आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये लागलं, छान झालं. आपल्यापैकी कोणाला असं बोलावणं आलं तर जरूर जावं. फेटा बांधून घेण्याआधी मात्र माइकवरूनच साहेबांना विचारावं की या तालुक्यात किती सातबाऱ्यांवर कब्जेदार म्हणून बाईचं नाव आहे, आणि त्यांच्यापैकी किती जणींचे महिन्याला हजार कापले. हा आकडा त्यांच्या संगणकात आहे, तो हुडकायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.